पाण्यात टाकलेला खजूर

सायडर म्हटले की सफरचंद आठवते, थंड हवा आठवते, लाकडी पिंपे आणि इंग्लंडातले सॉमरसेट किंवा फ्रान्सचे नॉर्मंडी आठवते. शब्दाचे माहेर मात्र तिकडचे नाही. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन ‘सिकेरा’वरून, लॅटिनमध्ये ग्रीकमधून, आणि ग्रीकांनी तो उचलला हिब्रू ‘शेखार’वरून. शेखार म्हणजे कैफ आणणारे पेय, मग ते कशाचेही असो. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने या शब्दाचा अर्थ सांगताना फळांच्या रसाबरोबर खजुराचे पेयही त्यात धरले आहे. बाबिलोनच्या अक्कादी भाषेत याच धातूचा ‘शिकारु’ आहे. तो आधी जवाच्या बिअरला लागे, पुढे खजुराच्या. अरबीत त्याच कुळातला ‘सकर’. तेव्हा फळाचा रस आणि सायडर यांत फरक कोणता, हा प्रश्न सफरचंदाच्या मुलखाऐवजी ओमानला विचारला तर ते दिसते तितके आडवळण नाही. मराठी कानाला ‘सकर’ आणि ‘साखर’ यांचे नाते लागेल, पण ते नाते नाही. अरबीतला ‘सुक्कर’ आपल्या शर्करेचा, फारसीतून गेलेला. ‘सकर’ हा तिथला घरचा. दोघांचा संबंध भाषेत नसला तरी बरणीत आहे, कारण यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव सुक्कर खाऊन सकर करतो.

पाठ्यपुस्तकी उत्तर एवढेच: रसात साखर असते, सायडरमध्ये त्या साखरेचा काही भाग मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड झालेला असतो. हे खरे आहे, पण त्यातून असा समज होतो की रस हा एक पदार्थ आणि सायडर हा दुसरा. दोघे आपापल्या बाटलीत स्वस्थ बसलेले. इतिहासात तसे जवळजवळ कधीच नव्हते. फळाच्या सालीवर, भांड्याच्या आतल्या खरखरीत अंगावर, हवेत, सगळीकडे यीस्ट असते. पिळलेला रस पिळल्या क्षणापासून वाटेला लागलेला असतो. रसवंतीवाल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. सकाळचा उसाचा रस तो संध्याकाळी विकत नाही. बाटलीतला टिकाऊ रस तर अगदी अलीकडचा. किण्वन हे सजीवांचे काम आहे हे लुई पाश्चरने 1857 पासूनच्या प्रयोगांत दाखवले, आणि 1869 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या थॉमस वेल्च या दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून बाटलीत बंद केला. चर्चच्या विधीला बिनकैफाची द्राक्षी हवी होती, म्हणून. त्याआधी रस फक्त ताजा असे. टिकत त्या दुसऱ्या गोष्टी: सुकवलेले फळ, आटवलेला पाक, मद्य आणि सिरका. ओमानच्या इतिहासातून मला जे दिसते ते असे की रस आणि सायडर यांच्यातली रेघ तिथल्या लोकांनी पदार्थात शोधलीच नाही. ती त्यांनी वेळेत आणि भांड्यात आखली, आणि तसे करण्यात ते आपल्यापेक्षा वास्तवाच्या जास्त जवळ होते.

याचे पहिले कारण खजूर हे फळच. सफरचंदात शेकडा पंच्याऐंशी भाग पाणी असते. चेपले की रस गळतो, आणि त्यानंतर माणसाने काहीच केले नाही तरी सायडर होत राहते. पिकून वाळलेल्या खजुराचे उलट असते. त्यात साखर इतकी दाट की यीस्टला तिथे जगता येत नाही. चेपला तर रस न येता काकवीसारखा पाक सुटतो. खजुराचा रस असा निसर्गात नसतोच. तो करावा लागतो, आणि करायचा तर पाण्यात खजूर टाकावा लागतो. या पेयाचे अरबी नाव ‘नबीध’ आहे आणि त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थच टाकणे, फेकणे असा आहे. खजूर किंवा मनुका पाण्यात टाकल्या, पाणी गोड झाले, ते प्यायले: नबीध एवढेच. खाऱ्या, मचूळ विहिरींच्या मुलखात पाण्याला चव आणायचा हा साधा उपाय होता. पण पाणी घातले की यीस्टची वाटही मोकळी झाली. सफरचंदाचे घड्याळ झाड लावून देते. खजुराचे माणूस स्वतःच्या हाताने लावतो. नेमका कोणत्या घटकेपासून हिशेब धरायचा हे इथे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे, आणि म्हणूनच या प्रदेशात वेळेवर नियम बांधता आला असावा.

नियम बांधला गेला त्या आधीची स्थिती एका हदीसमध्ये फार जवळून दिसते. अब्द अल-कैस ही ओमानच्या शेजारची, पूर्व अरबस्तानच्या खजूरबागांतली टोळी. तिचे शिष्टमंडळ मदिनेला पैगंबरांकडे आले तेव्हा त्यांना चार भांड्यांत नबीध करायची मनाई झाली: वाळवलेला दुध्या भोपळा, हिरव्या लुकणाचा रांजण, डांबर लावलेले भांडे आणि ‘नकीर’. नकीर म्हणजे खजुराच्या झाडाचा बुंधा आतून कोरून केलेली कोठी. त्यात खजूर टाकायचा, वर पाणी ओतायचे. ते आपोआप ‘उकळू’ लागते, उकळी बसली की प्यायचे, आणि मग पिणारा आपल्या चुलतभावावरच तलवार उगारतो, असे वर्णन आहे. ही उकळी बिनविस्तवाची आहे. आपण फसफसणे म्हणतो ती. मंडळात एक जण असाच वार खाल्लेला होता आणि शरमेने तो पायावरची जखम झाकत होता, असाही तपशील येतो. मला इथे महत्त्वाचे वाटते ते हे की मनाई नबीधला नाही, भांड्याला आहे. कातडी पखालीत नबीध करायला हरकत नव्हती. भाष्यकारांनी दिलेले कारण एखाद्या अन्नशास्त्राच्या वर्गात शोभेल: पेय आंबले तर पखाल फुगते, ताणते, फाटते, म्हणजे चुगली करते, लुकणाचा किंवा डांबराचा रांजण पोटातली गोष्ट पोटातच ठेवतो. पुढे ही मनाई सैल झाली, भांडे कोणतेही चालेल पण कैफ आणणारे पिऊ नका, असे सांगितले गेले. त्या आधीच्या टप्प्यात मात्र पखाल हेच मोजमापाचे यंत्र होते.

दुसरे मोजमाप दिवसांचे. एका परंपरेनुसार सकाळी भिजवलेले रात्री आणि रात्री भिजवलेले सकाळी प्यावे. दुसऱ्या परंपरेनुसार तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत चालते, मग उरलेले ओतून द्यावे. दोन्हींत विसंगती आहे असा आक्षेप कोणी घेईल, आणि जुन्या विद्वानांनी तो घेतलाही होता. त्यावर एक उलगडा असा दिला गेला की एक दिवसाची मर्यादा उन्हाळ्याची आणि तीन दिवसांची थंडीची, किंवा एक थोड्या पेयाची आणि दुसरी भरपूर पेयाची. तापमान वाढले की किण्वन वेगाने होते, हे त्यांनी थर्मामीटरशिवाय लिहून ठेवले आहे. ओल्या आणि सुक्या खजुराचे मिश्रण, किंवा खजूर आणि मनुका एकत्र भिजवणे, यालाही मनाई होती, कारण मिश्रण लवकर चढते असा समज होता. घड्याळ लावून जगणे ओमानला नवे नाही. तिथल्या फलजांचे, म्हणजे डोंगरातून जमिनीखालून आणलेल्या पाटांचे, पाणी वाटले जाते ते घागरींनी नव्हे तर वेळेने. ‘अथर’ हे त्याचे माप साधारण अर्ध्या तासाचे, दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून धरलेले. 2006 मध्ये युनेस्कोने यातल्या पाच फलजांना जागतिक वारसा म्हटले. खजुराला पाणी किती वेळ द्यायचे आणि खजूर पाण्यात किती वेळ ठेवायचा, हे दोन्ही हिशेब एकाच समाजाने शतकानुशतके सांभाळले.

पाण्याशी संबंधच तोडणे हा याहून पक्का मार्ग. निझवाचा किल्ला 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून घालवणाऱ्या इमाम सुलतान बिन सैफने बांधला. तिथे आणि जबरीनच्या वाड्यात खजुराच्या कोठ्या आजही दाखवतात. जमिनीला उंचवटे आणि त्यांच्यामध्ये सऱ्या. वर खजुराच्या झापांच्या पिशव्यांची थप्पी. थप्पीच्या स्वतःच्या वजनाने खालच्या पिशव्यांतून पाक झिरपतो, सऱ्यांतून वाहत जाऊन खड्ड्यातल्या भांड्यात जमतो. हा ‘दिब्स’. विस्तव नाही, पिळणे नाही, पाण्याचा थेंब नाही. म्हणून तो आंबतही नाही. वेढा पडला की हाच पाक तापवून दरवाजावरच्या भोकांतून शत्रूवर ओतत, असे निझवाला गेलेल्या प्रत्येक पर्यटकाला सांगितले जाते. अशा कोठ्यांचे अवशेष आखातात बहारीनच्या किल्ल्यातही सापडले आहेत. तिसरा मार्ग ‘तबसील’चा. मबसली जातीचा खजूर पिवळा पण अजून कडक असतानाच उतरवतात, ‘मराजिल’ म्हणतात त्या मोठ्या तांब्याच्या हंड्यांत उकळतात आणि मग उन्हात पसरतात. शर्कियातल्या बिदिया भागात जुलैच्या सुमाराला हा मोसम असतो. उकळीने यीस्ट मरते, उन्हाने पाणी जाते. हा माल पिढ्यान् पिढ्या मुंबईकडे येत राहिला, आणि इकडे त्याचे नाव खारीक.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हे सगळे नियम आणि युक्त्या धर्माज्ञेमुळे आहेत, रसाच्या स्वभावामुळे नाहीत. ओमानवर इबादी पंथाच्या इमामांची सत्ता, त्यांना कैफ आणणारा प्रत्येक पदार्थ निषिद्ध, मग तिथे सायडरचा प्रश्न उरतोच कुठे? पण धर्माज्ञा नेमकी कुठे रेघ ओढायची हे स्वतः ठरवत नाही, तिला वस्तूचा स्वभाव पाहावाच लागतो. कुराणाच्या सोळाव्या अध्यायातली 67वी आयत खजूर आणि द्राक्षांबद्दल बोलताना त्यांच्यापासून मिळणारा ‘सकर’ आणि चांगले अन्न ही दोन्ही एकाच वाक्यात, पण वेगळी करून सांगते. कूफ्याच्या हनफी विद्वानांनी शिजवलेल्या नबीधबाबत कैफ येईपर्यंतच्या प्रमाणाला सूट दिली होती. इतरांनी, इबादींसह, ती नाकारली. भांडण होते ते याच रेघेवर. आणि आज्ञा असूनही ओमानात द्राक्षाचे मद्य होत होते याचा लेखी पुरावा आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन नेव्हीचा लेफ्टनंट जेम्स वेलस्टेड 1835 च्या अखेरीस मस्कतला उतरून जबल अखदरवर चढला. तिथले बनी रियाम टोळीचे लोक स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांचे मद्य करतात आणि उघडपणे पितात, असे त्याने 1838 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवले. परक्या अधिकाऱ्याच्या नोंदीत तिखटमीठ असणार हे गृहीत धरूनही ती निराधार ठरवावी असे काही दिसत नाही. डोंगर अवघड होता, टोळी कोणाचे ऐकणारी नव्हती.

मला या नोंदीत अपवादापेक्षा दुजोरा जास्त दिसतो. जबल अखदरचे सैक पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटर उंच आहे. तिथे खजूर धरत नाही. द्राक्षे, डाळिंब, जर्दाळू, गुलाब होतात. आपल्याकडे डाळिंबाच्या एका जुन्या जातीला ‘मस्कत’ म्हणत, ते नाव ज्या बंदरावरून पडले त्याच्या पाठीमागे हेच डोंगर आहेत. म्हणजे पाणी घालावे लागणारे फळ संपले आणि स्वतःचे पाणी घेऊन येणारे फळ सुरू झाले, त्याच उंचीवर मद्य भेटते. शिवाय हवा. सॉमरसेटचे सायडर हिवाळाभर पिंपात संथपणे मुरते. मस्कतच्या किनाऱ्यावर, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तिथे गोडापासून आंबटापर्यंतचा प्रवास इतक्या भराभर होतो की मधला मुक्काम पकडून ठेवणेच कठीण; हवा लागली की मद्याचा सिरका होतो. सिरका तर हलालच. मद्य आपोआप सिरका झाले तर चालते, मुद्दाम केले तर चालते का, यावर विद्वानांचे एकमत झाले नाही; पण एकाच रांजणातला पदार्थ आज ग्राह्य, उद्या त्याज्य आणि परवा पुन्हा ग्राह्य असू शकतो, हे सर्वांनाच मान्य होते. पदार्थाला एकच ठाम ओळख देणाऱ्या डोक्याला हे पचायला जड जाते.

ओमानच्या दक्षिण टोकाला, धोफारमध्ये, हीच गोष्ट मराठी वाचकाच्या अंगणात येते. तिथे पावसाळी वारे पोचतात, नारळ होतो, विड्याची पाने होतात. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात इब्न बतूता धोफारला आला तेव्हा हा मुलूख त्याला हिंदुस्थानासारखा वाटला. नारळाविषयी लिहिताना त्याने झाडापासून ‘मध’ काढायची रीत सांगितली आहे: झाडे राखणारे सेवक सकाळ-संध्याकाळ वर चढतात, फळ जिथून फुटते त्या देठाचे टोक छाटतात, त्याला लहान भांडे बांधतात, आणि गळलेले पाणी विस्तवावर आटवतात. कोकणात आणि गोव्यात हे वर्णन वाचून कोणी चकित होणार नाही. रेंदेर दिवसातून पुन्हा पुन्हा माडावर चढतो तो याचसाठी. पहाटे उतरवली ती नीरा, उन्हे चढेपर्यंत राहिली की माडी, आटवली की माडाचा गूळ, आणखी ठेवली की सिरका. गोव्याच्या स्वयंपाकाला त्याशिवाय चालत नाही. नीरा धरायच्या मडक्याला आतून चुना लावतात, कारण चुन्याने आंबणे लांबते. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यालाही माडी आणि नीरा वेगळ्या धराव्या लागल्या, आणि त्या वेगळ्या धरताना झाड तेच, थेंब तोच, म्हणून आंबले की नाही यावरच बोट ठेवावे लागले. हिरव्या लुकणाच्या रांजणापासून चुन्याच्या मडक्यापर्यंत प्रश्न भांड्याचाच राहिला. मराठीचे एक बरे आहे: दोन अवस्थांना तिने दोन शब्द दिले. तरी औषधाच्या कपाटातल्या द्राक्षासवाला दारू म्हणायची पाळी आपण कधी येऊ दिली नाही, हेही मान्य केले पाहिजे.

शब्दांनी किती धरसोड केली हे पाहिले तर रेघ पदार्थात नव्हती हे आणखी पटते. नबीध मूळचे भिजवणीचे गोड पाणी. आजच्या अरबीत नबीध म्हणजे सरळ द्राक्षाचे मद्य. सायडरने अमेरिकेत नेमका उलटा प्रवास केला. मूळचे कैफाचे पेय. पण आज अमेरिकन माणूस सायडर मागतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा सफरचंदाचा गढूळ, न आंबलेला रस हवा असतो, आणि आंबलेल्याला वेगळे विशेषण लावावे लागते. 1920 ते 1933 च्या दारूबंदीने या बदलाला हातभार लावला. गंमत म्हणजे त्या कायद्याने घरी केलेले सायडर आणि फळांचे रस यांना एकाच कलमात सूट दिली, ती प्रत्यक्षात कैफ आणणारी नसतील तर; दोघांना वेगळे करायचा प्रयत्नच केला नाही. बाजारात मग वाळवलेल्या द्राक्षरसाच्या विटा आल्या, आणि त्यांच्याबरोबर अशी ताकीद की हे पाण्यात घालून कपाटात अमुक दिवस ठेवू नका, नाहीतर वाईन होईल. मदिनेतली तीन दिवसांची मर्यादा इथे उलटी टांगलेली दिसते. कोणी म्हणेल, आता प्रयोगशाळा आहे. ब्रिटन कायद्यात सायडरसाठी मद्यार्काचा आकडा लिहितो, मग पखाल आणि संध्याकाळ कशाला? आकडा उपयोगी आहे, कर बसवायला तर फारच. पण आकडा बाटली बंद झाल्यावरचा असतो. ज्या घरात रस रोज नव्याने होतो तिथे आकडा वाचायला कोणी नसते. तिथे फेस, वास आणि कालची रात्र हेच पुरावे.

बिदियात उकळून वाळलेला तो मबसली खजूर मुंबईत मस्जिद बंदरच्या गोदामांतून पुढे गावोगावी जातो. ओटीत पडतो, डिंकाच्या लाडवात कुटून जातो, बाळंतिणीच्या ताटात येतो. आणि बऱ्याच घरांत दोन-चार खारका रात्री वाटीभर पाण्यात टाकलेल्या असतात. सकाळी बी काढून खारीक खायची आणि ते तांबूस गोड पाणी पिऊन टाकायचे. दुपारपर्यंत राहिले तर मोरीत. त्या पाण्याला मराठीत नाव नाही.